सत्ताविसावा मजला, डावीकडून तिसरी

मी खाली असते.
शंकू मांडते, पिवळी पट्टी बांधते,
येणाऱ्याजाणाऱ्यांना समोरच्या फुटपाथवर वळवते
आणि मानेला रग लागेपर्यंत वर बघते.
गुडघ्याची वाटी सरकली, त्याआधी
मीही दोरावर असायचे.
आता दोर माझ्या ताब्यात,
उंची झेफेरीनोच्या.

टोरांटोतला ऑक्टोबर म्हणजे
सकाळी सहाला चार अंश,
सरोवरावरचा वारा कानशिलं सोलणारा.
काम सुरू होण्याआधी मी इमारतीभोवती एक फेरी मारते,
कागदी पिशव्या घेऊन.
रात्रभर दक्षिणेला निघालेली पाखरं
काचेतल्या आभाळात शिरायला जातात.
आज तीन.
एक अजून कोमट होतं, वजन सुपारीएवढं.
त्याची पिशवी गाडीत हीटरपाशी ठेवली.
मागच्या खेपेला काचा पुसून झाल्या,
त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा सापडली होती.
हा हिशोब मी झेफेरीनोला सांगितलेला नाही.

इमारत कोरी. पण काँक्रीटचं पाणी ओघळून
काचांवर पांढरे डाग धरलेत,
डोळ्यात फूल पडावं तसे.
बिल्डर म्हणतो सोसायटीचं काम,
सोसायटी म्हणते बिल्डरचं,
आणि वर्षातून दोनदा त्यांच्या भांडणातून वाट काढत
आमची बादली चढते.

सत्ताविसावा मजला, डावीकडून तिसरी.
तीन वर्षं तिच्या आतल्या अंगाला
कारखान्याचं लेबल चिकटलेलं,
निळं, तळहाताएवढं, एक कोपरा सुटलेला.
झेफेरीनोचा त्याच्यावर दात.
बाहेरून कितीही घासा, आतलं कसं निघणार?
"घेतलं, कुलूप घातलं, भाव चढायची वाट बघताहेत,"
तो रेडिओवर म्हणायचा,
"मी कुणासाठी पुसतोय, नातेर्सिया?"
मी म्हणायचे, तासाच्या मजुरीसाठी. पुस.

आज पावणेनऊला रेडिओ खरखरला.
"लेबल गेलं."
"कुठलं?" (मला ठाऊक होतं कुठलं.)
"नखांनी खरवडलंय. रेघा दिसतात."
"म्हणजे कोणी आलं राहायला?"
मग बराच वेळ नुसता वारा.
"जमिनीवर गादी आहे," त्यानं आवाज उतरवला,
जणू माझ्या खिशातल्या रेडिओनं कोणी जागं होईल.
"बाई झोपलीय. हॉस्पिटलचा पोशाख अंगावरच.
एक बूट पायात.
खिडकीत दह्याच्या डब्यात मिरचीचं रोप.
पडदे नाहीत गं अजून."

ओल्या काचेवरून रबर ओढलं
की कसा आवाज होतो ते मला माहीत आहे.
दातांत कळ जाते.
"मग?" मी म्हटलं.
"मग काय. पुढच्यावर जातो."

दुपारी व्यवस्थापक आला,
प्रेंडरगास्ट, चष्मा कपाळावर.
"ती एक राहिली वाटतं."
मी सांगितलं, डाग खोल गेलाय,
आम्ल लागेल, मागवलंय, येईल.
त्यानं लिहून घेतलं.
तेवढा वेळ माझा गुडघा अजिबात दुखला नाही.

साडेपाचला ऊन आडवं आलं
आणि अख्खी इमारत पेटली.
इतकी स्वच्छ, की तिच्याकडे बघवेना.
त्या भडक्यात एकच चौकोन मळका.
सगळ्या काचांत ढग सरकत होते,
तिच्यात नव्हते.

झेफेरीनो खाली उतरला, दोर गुंडाळायला बसला.
हातमोज्यातून पाणी शिरून बोटं पांढरी पडलेली.
"उद्या पिशव्या जास्त आण," तो म्हणाला,
दोराकडेच बघत.

मी शंकू एकात एक घालून गाडीत चढवले.
हीटरपाशी ठेवलेली पिशवी गप्प होती.
उघडून बघितली नाही.
आम्ही निघालो तेव्हा चाळीस मजल्यांच्या काळोखात
एक दिवा लागला होता.
मी खालून मजले मोजायला लागले,
विसाच्या आसपास चुकले,
पुन्हा पहिल्यापासून मोजले.