असल्यास

वेंगुर्ल्यात, मासळीबाजाराच्या वरच्या खोलीत,
खाली बर्फ फोडत असताना
मी एकच पान लिहिलं, बारा घरांसाठी.
नाव, वाट, फोन : एवढं प्रत्येकाने द्यायचंच.
बाकी सगळ्यापुढे सरकारी अर्जातला शब्द.
दुसरा फोन, असल्यास.
एसी, असल्यास.
मालकांचं नाव, असल्यास.

आणि काही दिलंच नाही तर काय धरायचं
तेही मीच ठरवून टाकलं :
जेवण – मासे.
खिडकीतून – समुद्र.
किनाऱ्यावर आणखी काय दिसणार,
असं वाटलं होतं रात्री दीड वाजता.

उभादांड्याच्या शेवंती गिरपने रकाने रिकामे सोडले
आणि माझ्या पानाने न विचारता
तिच्या खिडकीत समुद्र आणून ठेवला.
कोल्हापूरची दोन कुटुंबं त्या खिडकीशी उभी राहिली.
समोर सुरूची झाडं, वाळत घातलेलं जाळं,
शेजाऱ्याची काळी टाकी.
आगाऊ दिलेले पैसे त्यांनी परत मागितले.

बाजाराला आली तशी ती जिना चढून वर आली,
पिशवीत बांगडे. ओरडली नाही.
"दर्या दिसना नाय रे माझ्या घराकडसून.
रातीचो आयकाक येता. तां लिही."
मग स्क्रीनवर बोट टेकवून,
"आणि ह्यां काय? मालकांचं नाव, दोन टिंबां,
आणि फुडे कोण नाय?"

म्हटलं, ते रिकामंच आहे, काही लिहिलेलं नाही.
"रिकामां दिसता मां पण."

स्क्रीनवर बांगड्याच्या पाण्याचा ठिपका राहिला होता.
मी ती ओळ उचलून अटीच्या आत ठेवली :
नाव असेल तर ओळ.
नसेल तर ओळ नाही, टिंबं नाहीत,
खालची मोकळी जागासुद्धा नाही;
फोन नंबर एक ओळ वर सरकेल, इतकंच.

गृहीत धरलेला समुद्र सगळीकडून काढला.
एकेकाला फोन करून विचारलं. नऊ जणांना दिसतो.
आणि एक नवा रकाना घातला :
ऐकू येतं ते, असल्यास.
अकरा घरांनी तो भरलेला नाही,
त्यांच्या पानांना त्याचा पत्ताही नाही.

बारा पानं चार सेकंदांत बांधून झाली.
तिचं उघडून तिच्याकडे वळवलं :
नाव, वाट, फोन, मासे.
ऐकू येतं ते – रात्री, दर्या.

तिने दोनदा वाचलं. पिशवी उचलली, परत ठेवली.
"भरतीक जास्त," म्हणाली.
"जागा आसली तर घाल."