विलंबमाफी

उशीर झाला असेल तर प्रत्येक दिवसाचा खुलासा द्यावा लागतो.
नुसतं "अडचण होती" चालत नाही.
भांडी बाजारातल्या पद्माकर तांबटांचं अपील त्रेसष्ट दिवस उशिरा.
मी त्रेसष्ट दिवस टेबलावर मांडून बसले:
एवढे बायकोच्या डायलिसिसचे,
एवढे दुकान पाण्यात गेल्याचे,
गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागली होती
ते फोटो जोडले, पान क्रमांक अकरा.
उरले चार.
"या चार दिवसांत काय केलंत?"
"काही नाही मॅडम. बसून होतो."
असं लिहिता येत नाही.
मी लिहिलं, अर्जदार मानसिक धक्क्यात होते.
दोन्ही एकच. पण शिक्का दुसऱ्यावर बसतो.

तेहतीस वर्षं हेच करतेय.
सुरुवात शरणपूर रोडला, कुलथे वकिलांच्या जिन्याखाली.
पक्षकार डोकावून विचारायचे, "साहेब आहेत का?"
मी म्हणायचे, "बसा."
साहेब यायचे नाहीत. मीच असायचे.

द्राक्षं परदेशी धाडणारे, लॉन्सवाले, सातपूरचे नटबोल्टवाले,
कुणी बायकोच्या नावावर काय ठेवलं,
कुणी बायकोपासून काय ठेवलं,
सगळं मला ठाऊक.
मिसळ खाताना दिसले की
आधी नमस्कार करतात,
मग ताट जरा जवळ ओढून घेतात.

मुलगी झाली एकोणतीस जुलैला.
विवरणपत्रांची शेवटची तारीख एकतीस.
हाताला सलाईन, आणि दारात भास्कर फाईल घेऊन:
"फक्त तीन सह्या, मॅडम."
केल्या. त्यातली एक वाकडी, अजून रेकॉर्डला आहे.

मग तिचा वाढदिवस ऑगस्टात करू लागलो.
पहिल्या रविवारी. कधी दुसऱ्या.
नवरा म्हणायचा, पोर मुदतवाढीवर जन्मलीय.
सगळे हसायचे. तीसुद्धा.
चौथीत तिनं निबंध लिहिला: माझी आई लोकांचा दंड वाचवते.
बाईंनी समासात लिहिलं, अर्थ स्पष्ट करा.

यंदा सरकारनं तारीख सप्टेंबरात ढकलली.
एकोणतीस जुलै, मंगळवार,
आणि माझ्यापुढे एकही फाईल नाही.
कॉलेज रोडवरून केक घेतला, अननसाचा,
तिला सहावीत आवडायचा तो.
इंदिरानगरला दार जावयानं उघडलं, आणि तो गोंधळला.
ती आतून आली, ओल्या केसांना टॉवेल.
"अगं, आज? आपण ऑगस्टात करतो ना.
ह्याच्या घरीही तेच सांगितलंय मी."
रागावली नव्हती.
रागावली असती तर उत्तर देता आलं असतं.
तिची नऊची मीटिंग. माझा चहा अर्धा.
"केक ऑफिसात ने आई, फ्रिजमध्ये जागा नाही गं."

मुंबई नाक्याचा सिग्नल लांबतो.
मांडीवर खोका, मी दिवस लावायला घेतले.
काही सापडले: छापा, सुनावणी,
ट्रिब्युनलसाठी पहाटे पाचची गाडी.
बाकीच्यांना पान क्रमांक नाही.
आणि बसून होते, तेही म्हणता येत नाही.

ऑफिसात तांबट येऊन थांबलेले.
उशीर माफ झाला होता, अपील दाखल करून घेतलं होतं,
तेच सांगायला, धुतलेला सदरा घालून.
भास्करनं खोका उघडला. सुरी नव्हती.
खणातून त्यानं नोटिसा फोडायची पितळी पट्टी काढली.
आता पाकिटं येत नाहीत, सगळं ईमेलवर,
कित्येक वर्षं ती तशीच काळवंडत पडलेली.
तिनंच कापला.

"वाढदिवस कुणाचा?" तांबटांनी विचारलं.
"मुलीचा. पुढच्या महिन्यात."
ते मान हलवून खात राहिले.
मुठीच्या नक्षीत क्रीम शिरलं होतं,
मी रुमालाचं टोक घालून कोरत होते, निघेना.
"राहू द्या मॅडम," ते म्हणाले,
"घरी नेऊन चिंच लावा.
पितळ आहे. येतं परत."