आधी हाक

माड चढायला शिकवण्याआधी
बापाने मला हाक शिकवली.
वर्षभर नुसता खाली उभा राहून ओरडायचो,
खाली कोण आसा रेऽऽ?
पाणंदीतल्या कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या.

आचऱ्याच्या खाडीपलीकडे जाते ही हाक,
होडीतला माणूस मान वर करतो.
एकतीस वर्षं पाडेली आहे मी.
आधी हाक, मग कोयता.
तीनदा. त्यानंतर मोजून दोन श्वास.

परवा मुणगेकरांच्या परड्यात
शेवटच्या माडावर होतो.
हाक घातली. तीनदाच घातली.
घाव बसला, पेंड अर्धी तुटून लोंबली
आणि झावळांच्या फटीतून दिसला सौमिल,
पुण्याहून सुट्टीला आलेला,
हसत, हात हलवत, कुणाशीतरी बोलत
सरळ माडाखाली येणारा.

एका हाताने पेंड धरली.
ओरडलो. नाव घेऊन ओरडलो.
आईवरून शिवी दिली.
त्यांची कुत्री विहिरीमागे पळाली,
पलीकडची द्रौपदी मिठबावकरीण
धुणं टाकून गडग्याशी आली.
तो आपला चालतच होता.
मग देठ तुटला.
नारळ पडायला किती वेळ लागतो
हे मला ठाऊक आहे. परवा जास्त लागला.

एक हात. फार तर दीड.
आवाज नव्हेच,
पायाखालची जमीन हलली म्हणून तो उडाला.

कसा उतरलो आठवत नाही. छातीची साल गेली.
खाली पोचलो तर तो वाकून
पाचोळ्यात काहीतरी शोधत होता.
"एका कानातला पडला, काका. महाग आहे."
दुसरा कानातच होता.
नारळांकडे त्याने बघितलंच नाही.

मग मीही शोधू लागलो. काय करणार?
मलाच सापडला, जुन्या सोडणात अडकलेला,
ओल्या काजूगरासारखा, पांढरा, वाकडा,
अजून कोमट.
कानाशी धरला तर आत एक मुलगी म्हणत होती,
"हॅलो? आहेस ना? अरे, आहेस ना तू?"

"आसा," मी म्हटलं,
आणि तळहात त्याच्यापुढे केला.

उरलेल्या दोन पेंडी मी काढल्या नाहीत.
त्याच्या आईने विचारलं तेव्हा
सांगितलं, अजून कवळे आसत.