मूळ स्वरूप

फॉर्मात सहावा रकाना आहे : मूळ स्वरूप.
पुढे दोन ओळींची जागा.
मुरारच्या जुन्या छावणीत, या चॅपलसमोर,
टेप, शिसपेन आणि जेवणाचा डबा घेऊन
मी तिसरा दिवस बसलो आहे
आणि रकाना कोरा.

पाच मठवासी आले होते म्हणतात,
तपकिरी झगे, कमरेला तीन गाठींचा दोर,
आणि ग्वाल्हेरच्या उन्हाची कल्पना कुणालाच नाही.
पहिल्याच वैशाखात दोघे गेले.
मागच्या भिंतीत त्यांची नावं आहेत.
एकाच्या नावातलं एक अक्षर उलटं कोरलंय,
कारण घासी मिस्त्रीला अक्षर येत नव्हतं,
दगड येत होता.

दगड इथल्याच खाणीचा,
भिजला की गुळाच्या ढेपेसारखा दिसतो.
त्यातून देवदूत काढ म्हणाले असतील.
कसा असतो तो?
माणूसच, पण पंख असलेला.
घासीनं देवदूत पाहिला नव्हता.
मोर पाहिला होता, रोज, नदीच्या काठी
(तेव्हा ती नदी होती).
वेदीच्या डाव्या अंगाला जो गुडघे टेकून बसलाय
त्याच्या खांद्यांमागून पिसारा उघडतो,
डोळ्यांनी भरलेला.
उजवीकडचा बेतशीर आहे, हंसाच्या पंखांचा :
मधे कुणी तरी चित्र दाखवलं असणार.
पण मोर फोडला नाही त्यांनी.
उरलेल्या तिघांपैकी
‘राहू दे’ कोण म्हणालं,
ते कुठल्याच वहीत नाही.

पलटण हलली, मागोमाग मठ हलला.
घंटा शाळेनं नेली.
बाकं कुणी नेली ते सगळ्यांना ठाऊक आहे
आणि कुणी सांगत नाही.
मग इथं धान्य भरलं.
चुन्याचे अकरा थर खरवडताना
पाचव्या थरावर मोडी लागली.
मला येते ती, अर्धीमुर्धी :
गहू आवक एकशेचाळीस, जावक एकशेबारा,
चणे बत्तीस,
उंदीर तीन पोती.
खाली सही, लफ्फेदार,
कारकुनाला वाटलं असेल कुणी तरी तपासायला येईल.
आलो, मी.

भटनागर मॅडम म्हणाल्या, हा थर काढायचा,
आपल्याला मूळ हवंय.
मी रोजंदारीवर आहे, वाद घातला नाही.
फक्त फोटो काढले, जवळून, बारा,
आणि त्या दिवशी भिंतीचं ते टोक
खरवडायचं राहून गेलं.
दुसऱ्या दिवशीही.

दुपारी एस्पेरान्सा मावशी येतात.
आजोबा त्यांचे गोव्याहून आलेले, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे,
मराठी त्या लष्करच्या बाजारात शिकल्या,
अजून भाव करायच्या सुरात बोलतात.
उजवीकडची तिसरी रांग जिथं होती
तिथं वर्तमानपत्र अंथरून बसतात.
‘बाबा, तो मोर ॲसिडनं धुऊ नका हां.
लहानपणी प्रार्थना कंटाळा आणायची.
मी त्याचे डोळे मोजायची.
एकेचाळीस.
दर रविवारी एकेचाळीसच.’

मी शिडीवर चढून मोजले.
एकोणचाळीस, आणि दोन खळगे
जिथं पोती लागून दगड उडालाय.
सहाव्या रकान्यात लिहिलं :
देवदूत एक. मोर एक. डोळे एकेचाळीस.
उंदरांनी खाल्लेली पोती तीन.

फॉर्म परत आला.
शेरा : विषयाला धरून लिहावे.
आता खाडाखोड करतो आहे. आधी ‘डोळे’ खोडले,
मग पुन्हा लिहिले.

पावणेदोनला पलीकडच्या शाळेत मधली सुट्टी होते.
घंटेला तडा आहे, आवाज फाटका येतो,
पोरं नळाकडे धावतात, कुणाचा तरी डबा सांडतो.
इकडे मावशी, डोळे न उघडता,
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा
असा हात फिरवतात
आणि पुन्हा डुलकी घेतात.