डाव्या पायाचं काम

रात्री साडेअकराला यार्मिला दिवा मालवते
आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर धावपट्टी मांडतो.
पडदा, दांडा, थ्रॉटलची मूठ,
खाली आईच्या शिवणयंत्राची लोखंडी पायपट्टी
काटकोनात फिरवून बसवलेली.
अर्ध्या ओत्रोकोवित्सेचे पडदे जिनं शिवले
ती आता सुकाणू हलवते. कुरकुरत.

इंजिन पेटतं. हजारावर घोडे एकदम बिथरतात.
पंखा उजवीकडे गरगरतो, म्हणून नाक डावीकडे पळतं.
सव्वीस वर्षं मी कारखान्यात
सुकाणूच्या बिजागऱ्या बसवल्या,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
खऱ्या विमानात एकदाच बसलो, बक्षीस म्हणून,
आणि टोपीत ओकलो.

शिकवलं केर्तुनं.
ती तार्तुत राहते, दिवसा दातांच्या कवळ्या करते,
रात्री मला पाडते.
शाळेतली गंजकी रशियन दोघांच्या कामी येते.
"उजवा पाय, द्राहोमीर! वेग उतरतोय, उजवा पाय!"
वळशाच्या चढावर पडदा कडांकडून काळा होत येतो,
माथ्यावर पोट हलकं, नदी डोक्यावर,
आणि तिथंही, उलटं टांगलेलं असताना,
यंत्र डावीकडेच ओढतं, हट्टी बैलासारखं.
उजवा पाय द्यायचा. उतारावर हळूहळू काढून घ्यायचा.
तेवढं जमतं. उजवा माझाच आहे.

गिरकीत सापडलो की ती आवाज खाली आणते.
हात आवर, म्हणते. घाबरलेला हात
दांडा पोटाशी कवटाळतो आणि जमिनीत जातो.
थ्रॉटल मागे. पंख सरळ. उलटा पाय.
मग दांडा पुढे, म्हणजे जिची भीती वाटते
त्या जमिनीकडेच नाक कर.
मी तीन आठवडे जमिनीत गेलो.
खालच्या मजल्यावरचा ओंद्राचेक झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा.

आज ती शेपटीला लागली आणि मी सरळ वर काढलं.
तीनशे. दोनशे. एकशे वीस.
आवाज पातळ होत गेला,
शिडी संपल्यावरही चढणाऱ्या माणसासारखं
विमान हवेत टेकून राहिलं.
इथं डावा पाय लागतो. पूर्ण. वेग मरायच्या जरा आधी.

सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ म्हणतात,
डाव्या पायाबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.
माझा डावा गुडघ्याखाली इस्पितळाचा आहे,
त्रेचाळीस नंबरचा बूट, कधी घाम नाही, कधी घाई नाही.
केर्तुला मी हे सांगितलेलं नाही.
तिला वाटतं मी आळशी आहे.

म्हणून आज मांडीनं सुरुवात केली, पाऊल कळायच्या आधी,
खुब्यातून, दार ढकलावं तशी.
पट्टी कुरकुरली.
दांडा केसभर पुढे, थोडा उजवीकडे,
आणि डाव्या पंखाच्या टोकावर अख्खं आभाळ फिरलं,
मागे बाकी होतं ते सगळं समोर आलं:
केर्तु, खालून वर येणारी, नेमाच्या वर्तुळात
इतकी मोठी की रिव्हेट मोजावेत.

बोट घोड्यावर होतं.
पण डाव्या पायाचा अंगठा खाजत होता,
सहा वर्षांपूर्वी गोदामात राहिलेला तो अंगठा,
आणि मी तिकडे बघत बसलो.

"झोपलात?" तिनं विचारलं, बाजूनं निघून जाताना.
मग म्हणाली, "वळण मात्र छान होतं."
आणि तीन मिनिटांत मला पाडलं, नेहमीसारखं,
उजवीकडून.

झोपायच्या खोलीतून यार्मिलाचा आवाज:
"पडलास?"
हा प्रश्न आमच्या घरात गमतीचा नाही.
"पडलो."
"कुठून?"
"नऊशे मीटरवरून."
गादी करकरली, ती कुशीवर वळली.
"मग ये आता. आणि पाय
हीटरला टेकवून ठेवू नकोस, मागच्या वेळी वाकला होता."