पाय न टेकवता

दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत
अठ्ठावीस वर्षं पडून होती.
टेम्पोतून उतरवली आग्रा रोडला, माझ्या शेडसमोर,
आणि उगाच, हाताच्या खाजेनं म्हणा, पहिली किक मारली
तर सायलेन्सरातून लाल धूळ.
पलीकडचा टायरवाला, चहाचा पोऱ्या, मी,
सगळे शिंकत बसलो.
गाडी तेवढी गप्प.

अडीचशेची टू-स्ट्रोक. शर्यतीची नव्हे.
गादी नावापुरती,
सायलेन्सर कमरेपर्यंत वर वळवलेला,
मागचं दातेरी चक्र जेवणाच्या ताटाएवढं,
टाकीवर पुसटसा ३७.
हिचं काम दगडांवरून जायचं
माणूस चालतो त्याहून हळू,
आणि पाय खाली टेकवायचा नाही.
टेकवला की एक दंड.
दौलतसिंग गिरासे टेकवत नसत, म्हणतात.
म्हणणारे आता तीनच उरलेत,
त्यातल्या एकाला दिसत नाही.

क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या,
डिझेलात तीन रात्री भिजत घातल्या.
कार्बोरेटरच्या वाटीत मिरचीचं एक बी निघालं.
ते मी फेकलं नाही. का ते विचारू नका.
पॉइंटच्या फटीत संक्रांतीच्या पतंगाचा कागद धरला,
चाक बोटाबोटानं फिरवलं;
कागद ज्या क्षणी अलगद सुटतो
तिथं ठिणगी.
हे मला कोणी शिकवलं नाही असं मी सांगतो,
पण शिकवलं होतं, हनीफ पिंजाऱ्यानं,
दोन चापटी मारून.

सुरू झाली. अख्खा आग्रा रोड वळून बघेल अशी.
मी खूश.
आणि त्याच दुपारी, त्रेचाळीस अंशांत,
डोक्यावर ओला टॉवेल टाकून जतनबाई आल्या,
दौलतसिंगांची थोरली.
खुर्ची नको म्हणाल्या. उभ्यानं ऐकलं.
"नई. आसा नई व्हता आवाज."

एअर स्क्रू अर्धा आटा फिरवला.
"नई."
सुई एक खाच खाली.
"आजून हळू."
बाई, याहून हळू केली तर बंद पडेल.
"मन्हा बाप दगडले बी इचारीसन चढे," म्हणाल्या,
"तुन्ही गाडी इचारत नई. पळस."

रात्रभर ते डोक्यात.
हलकं चाक लवकर धावतं आणि लवकर मरतं,
एवढं तर सायकलवाल्यालाही कळतं.
मग देवपूरला जाऊन हनीफच्या पोराकडून
ट्रकच्या भंगार हबमधून एक कडं कातून आणलं,
फ्लायव्हीलवर बसवलं. पावणेदोन किलो.
टायमिंग केसभर मागे. पुन्हा पतंगाचा कागद.

आता ती धडधडेना.
एक ठोका. मग इतकी सवड
की वाटावं, संपलं.
मग दुसरा.
जतनबाईंनी टॉवेल डोक्यावरून काढला.
काही बोलल्या नाहीत.
टायरवाल्यानं रेडिओ बारीक केला, न सांगता.

रविवारी साक्रीकडे नेली.
तिथं माळावर ती काळ्या दगडांची भिंत आहे,
कोणी न बांधलेली, मैलभर सरळ,
जमिनीतूनच उठून आलेली.
ते इथंच यायचे, बाई म्हणाल्या,
डबा घेऊन मी त्या निंबाखाली बसायची,
मोजायला.

फूटपेगवर उभा राहिलो.
पहिला दगड तिनं स्वतःच चढला, मी नुसता सोबत.
दुसऱ्यावर थांबली.
खरंच थांबली, चालू राहून,
पुढचं चाक हवेत,
आणि खाली कुठंतरी तो एक ठोका,
सवड,
ठोका.
तेवढ्या सवडीत मला कळलं
की पडायची घाई गाडीला कधीच नसते.

तिसऱ्यावर माझा डावा पाय टेकला.
निंबाखालून आवाज आला:
"एक."

मी गाडी मागे घेतली.