पांढरा

फेव्रोनियाच्या स्वयंपाकघराचे अकरा फोटो,
दर ऑक्टोबरचा एक.
पेइप्सी तळ्याकाठचं तेच गाव,
आढ्याला कांद्याच्या तशाच वेण्या.
प्रदर्शनासाठी सगळे एका रंगात आणायचे.

सोपं होतं:
तिचा एनॅमलचा मग प्रत्येक फोटोत आहे.
मगावर ड्रॉपर टेकवायचा,
सॉफ्टवेअरला सांगायचं, हा पांढरा;
बाकीचं जग त्यावरून ठरव.

पण सहाव्या फोटोपासून
कांदे जांभळट, भिंत निळी,
तिचे गाल गारठलेले,
आणि दर वर्षी थोडे अधिकच.
मी स्लायडर ओढत राहिले.
कॅमेऱ्याला दोष दिला, धुक्याला,
नव्या खिडकीच्या काचेला.

शेवटी लॅपटॉप नेऊन तिच्याच टेबलावर ठेवला.
तिनं चष्मा पुसला, वाकून बघितलं.
"तो मग पांढरा कुठे राहिलाय, मारिका?
तिमोफेय होता तोवर
तोच घासायचा, चुलीतल्या राखेनं.
मला चहाचे डाग चालतात."

सहा वर्षांचा पिवळा
मी पांढरा धरून बसले होते,
आणि तिचं घर निळं पडत होतं.

आता ड्रॉपर कुठे टेकवू?
तिनं त्याच मगात चहा ओतला,
माझ्याकडे सरकवला.
"निवेल," म्हणाली.